एल्डर साळवेचे सहा आठवडे

पहिल्यांदा ते दोघं दारात उभे राहिले तेव्हा मीनलवहिनी स्वयंपाकघरातूनच ओरडल्या होत्या, "अहो, कटवा त्यांना लवकर! बाबांना भरवायचंय अजून."

दारातला एक गोरा, सव्वासहा फूट, उन्हाने टोमॅटो झालेला. दुसरा सावळा, बुटका, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. दोघांचे पांढरे शर्ट, दोघांचे टाय, दोघांच्या खिशावर काळी पट्टी. रुचिरने पट्ट्या वाचल्या. गोऱ्याच्या पट्टीवर हॅडली होतं. दुसऱ्याचं वाचून तो माझ्या कानाला लागला, "हा सॅल्व्ह. पेरू-बिरूकडचा असणार." मग तोंड भरून हसत इंग्रजीत म्हणाला, "हो हो, नक्की बोलू ना. आज जरा गडबड आहे. पुढच्या आठवड्यात या कधीतरी."

आता यातलं एक अक्षरही खरं नव्हतं, हे कुणाही मराठी माणसाला कळेल. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. 'बघू', 'या की', 'सवडीने बसू', असं म्हणून आपण माणसाला लिफ्टपर्यंत पोचवतो. पण त्या गोऱ्याने खिशातून छोटी डायरी काढली, पेन उघडलं आणि विचारलं, "गुरुवारी सात वाजता चालेल?"

रुचिर गडबडला आणि चालेल म्हणाला.

ही २०१४ सालची गोष्ट. सिंगापूरच्या बिशान भागातल्या बाराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मी रुचिर आणि मीनलवहिनींचा भाडेकरू होतो. मूळचा वैजापूरचा, शाळा तिथलीच. पुढे कसाबसा पीएचडी होऊन इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉकला चिकटलेला. घरात चौथे होते रुचिरचे वडील, उद्धवकाका. सांगलीकडे जमिनीची मोजणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आठ महिन्यांपूर्वी इथेच त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात अधू राहिला आणि वाचा गेली. सगळी नाही, एक शब्द उरला. 'नाही.' भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही, आनंद झाला तरी नाही. जे घर कुणाला नाही म्हणू शकत नव्हतं, त्या घरात दिवसभर हा एकच शब्द घुमायचा.

गुरुवारी सातला आम्ही काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही दिवे मालवले, टीव्ही बंद केला आणि हॉलमध्ये अंधारात श्वास रोखून बसलो. एक पीएचडी, एक प्रोजेक्ट मॅनेजर आणि नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये काम करणारी बाई. बेल वाजली. आम्ही हललो नाही. परत वाजली. आणि आतल्या खोलीतून काका खणखणीत आवाजात ओरडले, "नाही!"

दाराबाहेरून अगदी अदबीने, शुद्ध नगरी मराठीत आवाज आला, "काका घरातच आहेत वाटतं."

मीनलवहिनींनी तोंडावर हात ठेवला. 'कटवा त्यांना' त्यांना आठवलं असावं. रुचिरने दिवा लावला, दार उघडलं. पेरूचा माणूस म्हणाला, "नमस्कार दादा. मी साळवे. नगरचा, सावेडीचा. वहिनी, बाबांना भरवून झालं असेल तर पाचच मिनिटं येऊ का?"

त्याचं नाव उन्मेष. वय एकवीस. पण ते नाव दोन वर्षांसाठी बंद करून ठेवलेलं. सगळ्यांनी एल्डर साळवेच म्हणायचं. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिशी नीट न फुटलेल्या मुलाला वडीलधारा म्हणायचं मला काही जमलं नाही. मी साळवेच म्हणायचो, तो मला दादा म्हणायचा.

मॉर्मन पंथाच्या तरुण मुलांनी दोन वर्षं घरदार सोडून प्रचाराला जायचं, ही त्यांची रीत. कुठे जायचं ते वरून कळतं. एकटं कुठेही जायचं नाही. जोडीदार दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा. चहा नाही, कॉफी नाही. घरी आठवड्यातून एकदा ईमेल, सोमवारी. फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. "म्हणजे नवीन लग्न झाल्यासारखंच की," मी म्हटलं, "चोवीस तास एकमेकांसमोर, आणि माहेरी फोन सणावारालाच." साळवेने हॅडलीला हे इंग्रजीत सांगितलं. हॅडली लाल होता, आणखी लाल झाला.

साळवेचं घराणं चार पिढ्या ख्रिस्ती. पुण्याला डिप्लोमा करताना तो या नव्या पंथात गेला, आईही पाठोपाठ आली. वडील म्हणाले, "आपण आधीच ख्रिस्ती आहोत ना रे? मग हा अजून पुढचा स्टॉप कुठला?" आणि पोरगा सिंगापूरला निघाला तेव्हा म्हणाले, "तीन महिन्यांत परत येशील."

त्या गुरुवारी पाच मिनिटांची पंचेचाळीस झाली. हॅडलीने पुस्तक काढलं, रुचिरने विषय हवापाण्यावर नेला, आणि साळवे मात्र काकांकडेच बघत बसला. निघताना त्याने विचारलं, "यांना बोलायला कोण शिकवतं?"

कुणीच नव्हतं शिकवत, खरं तर. नोव्हेनाला स्पीच थेरपिस्ट बाई होत्या, चिनी, फार चांगल्या, पण त्यांना मराठी कुठून येणार. त्यांनी चित्रांची वीस कार्डं दिलेली. चमचा, पंखा, चष्मा, केळं असलं. कार्ड दाखवायचं, विचारायचं आणि मनात तीसपर्यंत मोजायचं. तोवर आपण उत्तर द्यायचं नाही, पहिलं अक्षर सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. आता आमच्या घरात कुणी वाक्य सुरू केलं की उरलेलं दुसरे दोघं पूर्ण करणार. मीनलवहिनी चारपर्यंत पोचायच्या. "चमचा हो बाबा, चमचा! मला एमआरटीची ट्रेन गाठायचीय." रुचिर सहापर्यंत. मी सकाळी घरीच असायचो, कारण लॅबमध्ये माझी पाळी दुपारी लागायची. मी नऊपर्यंत जाऊन मोबाइल बघायचो.

साळवे म्हणाला, "मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आम्ही येऊ का? दोन तास. असल्या सेवेला आम्हाला परवानगी असते."

रुचिरच्या डोळ्यांत सगळं दिसलं मला. बाप्तिस्म्यासाठी वडिलांना पाण्यात बुडवून काढतायत आणि सांगलीत बातमी पोचली, वगैरे. तो म्हणाला, "एक अट आहे. धर्माचा एक शब्द काढायचा नाही. एक म्हणजे एक."

साळवेने हॅडलीला समजावलं. हॅडलीने डायरीत ते लिहून घेतलं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मी त्याला डिवचलं, "काय साळवे, किती गिऱ्हाईकं झाली?" हॅडली तेव्हा खिडकीत उभा राहून पाणी पीत होता. साळवे हळू आवाजात म्हणाला, "अकरा महिन्यांत एकही नाही. दादा, मी परत चाललोय. पत्र दिलंय."

म्हणजे त्याने मिशन प्रेसिडेंटना लिहून दिलं होतं की मला घरी पाठवा. ते त्यांचे इथले मुख्य. त्यांनी उत्तर दिलं, सहा आठवडे थांब. दर सहा आठवड्यांनी त्यांच्या बदल्या होतात. पुढच्या बदलीच्या दिवशीही जावंसं वाटलं तर मी स्वतः तिकीट काढतो, असं ते म्हणाले. त्यातला एक आठवडा संपला होता.

"हा हॅडली दीड वर्षं टिकलाय, आणि मजेत टिकलाय," मी म्हटलं.

"त्याला कळत नाही म्हणून टिकलाय. लोक म्हणतात नेक्स्ट टाइम, तो तारीख लिहितो. मला मराठीतलं कळतं, हिंदीतलं कळतं, आता इथलं 'सी हाऊ लाह', म्हणजे आपलं 'बघू', तेपण कळतं. त्याने वेळ लिहून घेतली की मला लिफ्टमध्येच माहीत असतं, दार बंद असणार. तरी जायचं. वेळेवर जायचं. बेल दोनदा वाजवायची." मग म्हणाला, "घरी गेलो तर पप्पा काही बोलणार नाहीत. नुसते हसतील. आई मात्र चर्चमध्ये कुणाला तोंड दाखवणार नाही. तरी पण नाही होत आता."

तर ही त्याची अडचण होती. आणि हा माणूस आमच्या काकांना धीर धरायला शिकवणार होता.

शिकवणं कसलं! तो आमच्याहून वाईट होता. चमच्याचं कार्ड धरायचा, "काका, हे काय?" आणि दहाव्या सेकंदाला त्याचाच पाय हलायला लागायचा. पंधराला, "च... च... बोला काका, च..." काका चिडायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कार्डांचा गठ्ठा हिसकावला आणि साळवेच्या टायवर फेकला. "नाही! नाही! नाही!" साळवे उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. नियमाप्रमाणे हॅडलीला मागे जावं लागलं. बाहेर दोघं कठड्याला टेकून उभे होते. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळणारे कपडे हलत होते. मला वाटलं, झालं, हा आता सहा आठवडेही थांबत नाही.

वीस मिनिटांनी तो आत आला, कार्डं गोळा केली आणि खुर्ची जरा मागे सरकवून बसला.

"काय करत होतास बाहेर?"

"मोजत होतो. समोरच्या बिल्डिंगचे मजले. वरून खाली तेरा, खालून वर तेरा, परत खाली चार. तीस होतात."

तेव्हापासून तो तसाच बसायचा. कार्ड दाखवायचं, विचारायचं, आणि नजर खिडकीबाहेर. त्यामुळे काकांवरही कुणी डोळे लावून बसलेलं नसायचं. तीस झाले की शांतपणे शब्द सांगायचा आणि पुढचं कार्ड. दोन तास! मी समोर बसून लॅपटॉपवर काम केल्याचं सोंग करायचो. हॅडली तर मराठी न कळता बसायचा, कीर्तनाला आलेल्या परदेशी पाहुण्यासारखा. मला वाटतं त्याला ते आवडायला लागलं होतं.

"तुला खरंच वाटतं, काका बोलतील?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही."

"मग? तुझं तर विश्वासाचंच खातं ना?"

साळवे वैतागला. "दादा, धर्माचं बोलायचं नाही ठरलंय." मग स्वतःच म्हणाला, "वाटतं म्हणून बसत नाही मी. आधी बसतो. बसलो की मग थोडं थोडं वाटायला लागतं. घरी परत गेलं की तेही जातं."

चौथ्या आठवड्यात थेरपिस्ट बाईंनी नवीनच काढलं. लहानपणापासून पाठ असलेलं जे असतं ते मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं म्हणे. आकडे, वार, प्रार्थना. कुणीतरी सुरू करून दिलं तर गाडी आपोआप पुढे जाते. आकडे काका खरोखरच म्हणाले, एकवीसपर्यंत, मग चिडले. मग मीनलवहिनींना आठवलं, बाबा रोज देवापुढे दिवा लावून संध्याकाळची प्रार्थना म्हणायचे, एक दिवस चुकवायचे नाहीत. त्यांनी मोबाइलवर लावून बघितली. काका मोबाइलकडे बघून नाही म्हणाले. समोर जिवंत माणूस हवा होता, आणि रोजच्या सरावाला घरात होतो मी. मला दोन ओळींपुढे येत नव्हती. ही वैजापूरच्या शाळेची चूक नाही, माझीच.

मीनलवहिनींनी मग जे केलं त्याला धाडसच म्हणायचं. शनिवारी सुट्टी होती. त्या साळवेसमोर ओढणीचं टोक पिळत उभ्या राहिल्या. "साळवे, तुला ती येते का रे?"

मी लॅपटॉपमागे तोंड लपवलं. ज्या घराने धर्माचा शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं, तेच घर धर्मप्रचारकाकडे आपलीच प्रार्थना मागत होतं.

"येते," साळवे म्हणाला. "आमच्या चाळीत सात वाजता सगळ्या पोरांना ओट्यावर बसवायचे. मी एकटा काय वेगळा बसणार? पण वहिनी... मंगळवारी सांगतो."

मंगळवारी सांगतो म्हणजे काय, ते मी मराठी असल्याने ओळखलं. वहिनींनीही ओळखलं. त्या म्हणाल्या, "हो हो, सवडीने."

मंगळवारी तो आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मी सुरू करून देईन. हात जोडणार नाही, डोळे मिटणार नाही. ही काकांची आहे, मी फक्त धक्का देणार. चालेल?"

"प्रेसिडेंटना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणाले, तू ठरव. हॅडली म्हणाला, म्हाताऱ्याला बरं वाटणार असेल तर मीही पाठ करतो."

"आणि तुझ्या देवाला काय वाटेल?"

"त्याला मराठी येतं," साळवे म्हणाला आणि काकांकडे वळला.

त्याने पहिले दोन शब्द म्हटले. मजले मोजायची वेळच आली नाही. काकांनी पुढचे शब्द घेतले आणि सरळ सूर लावून शेवटपर्यंत गेले, एकही अडखळ नाही. नऊ महिन्यांनी त्या घरात त्यांचा पूर्ण आवाज ऐकू आला. संपल्यावर ते स्वतःच चकित होऊन आमच्याकडे बघायला लागले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि आलं, "नाही."

मी हसलो. साळवे हसला नाही. त्याने चमच्याचं कार्ड उचललं.

पाचव्या आठवड्यात, साळवे मजले मोजत बाविसावर असताना, काका म्हणाले, "पंखा." कार्ड पंख्याचंच होतं. हॅडलीला शब्द कळला नव्हता पण आमचे चेहरे बघून त्याने टाळ्या वाजवल्या. नोव्हेनाला परीक्षा झाली तेव्हा विसापैकी चार. झटक्यानंतरच्या परीक्षेत एकही नव्हता.

"चारच?" रुचिर संध्याकाळी म्हणाला. तो प्रोजेक्ट मॅनेजर होता. त्याला टक्केवारीची सवय.

"चार," मीनलवहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही अजून सहापर्यंतच मोजता."

सहाव्या आठवड्याचा शनिवार उजाडला. सकाळी साडेदहाला, काकांपुढे चष्म्याचं कार्ड असताना, हॅडलीचा फोन वाजला. दोघांत मिळून एकच साधा फोन होता तो. हॅडलीने ऐकलं आणि साळवेकडे दिला. साळवे उठून खिडकीशी गेला. इकडून मला त्याचंच ऐकू येत होतं. हो सर. नाही सर. मग, "सर, मी इथेच, बिशानलाच राहिलो तर?" तिकडचं ऐकून त्याने मान डोलवली. "हो सर."

फोन ठेवून तो खुर्चीत आपटला. "इपोह. मलेशिया. मंगळवारी बसने. नाहीतर मुंबईचं तिकीट. दुपारपर्यंत सांगायचंय."

"आणि इथे?"

"इथे दुसरा येणार. फिलिपिन्सचा."

"म्हणजे मराठी नाही."

"नाही." तो खरंच चिडला होता. "आत्ता कुठे चार झालेत. अजून सोळा आहेत. हे असं अर्धवट टाकून जायचं?"

"तू तर सहा आठवड्यांपूर्वी सगळंच टाकून चालला होतास," मी म्हटलं. मला थोडं वाईटही वाटत होतं, पण तोंडाला सवय. "तेव्हा पूर्ण सोडायला चालत होतं, आता अर्धं सोडायला त्रास होतोय?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी आणायला उठलो. परत आलो तर तो काकांसमोर गुडघे टेकून बसलेला.

"काका, मी मंगळवारी जाणार. घरी नगरला जायचं की पुढे इपोहला, कळत नाहीये मला. मी गेल्यावर तुमचं राहील ना सगळं? हे दादा बसतील तुमच्यापुढे. वाईट मोजतात, पण बसतील."

मी दादा. माझी सोय परस्पर लागली.

काका त्याच्याकडे बघत राहिले. साळवेने या वेळी खिडकीकडे पाहिलं नाही. काकांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. तीस केव्हाच होऊन गेले. मला आतून ढकलल्यासारखं होत होतं, काहीतरी म्हणावं, काका राहू द्या, चहा घेता का, काहीही. हॅडलीने माझ्या दंडावर हात ठेवला. काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डावा हात उचलून हवेत काहीतरी धरायचा प्रयत्न केला.

"जे..." ते म्हणाले. "जेवून." मग दम घेतला. "जेवून जा."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मीनलवहिनी पळी हातात घेऊन दारात आल्या. "कोण बोललं? बाबा?"

कार्डांत नसलेले दोन शब्द होते ते. आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तर अजिबात नव्हतं. साळवेने ते परत म्हणायला लावले नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत, तो मान खाली घालून काकांचा गुडघा धरून बसला. मग म्हणाला, "हो काका."

वहिनींनी भाकरी केल्या. साळवेने चार खाल्ल्या, वर आमटीभात. हॅडलीने ठेच्याला हात लावला आणि नंतर बराच वेळ नुसतं ताक प्यायला. काका भरवून घेत होते आणि मधेमधे, साळवेच्या ताटाकडे बोट दाखवून, नाही म्हणत होते. त्याचा अर्थ वाढा, हे आता सगळ्यांना कळत होतं.

हात धुऊन साळवेने हॅडलीकडे फोन मागितला. या वेळी तो खिडकीशी गेला नाही. काकांच्या शेजारी उभं राहूनच त्याने नंबर लावला.

"सर, साळवे बोलतोय," तो इंग्रजीत म्हणाला. "इपोहची बस किती वाजता आहे?"